उन्हाळ्यात तोडलेल्या उसातली साखर लवकर का घटते? उष्णतेने विकरं नष्ट होतात ना?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एप्रिलमध्ये तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडला तर उतारा (उसातून हाती लागणाऱ्या साखरेचं प्रमाण) का घसरतो, आणि उष्णतेने विकरं निकामी होतात असं शाळेत शिकलो असताना उन्हात ती जास्त जोरात कशी चालतात? साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझे बरेच हंगाम गेलेत. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

उसातली साखर म्हणजे सुक्रोज. ती फोडणारं विकर म्हणजे इन्व्हर्टेज. सुक्रोजला पाण्याचा एक रेणू जोडून ते त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. ऊस उभा असतानाही हे विकर त्यात असतंच, पण पक्व उसात त्याचा जोर कमी असतो. कोयता लागला की मुळांकडून येणारं पाणी तुटतं, पण कांडी लगेच मरत नाही. तिचं श्वसन चालू राहतं आणि इन्व्हर्टेजचा जोर वाढायला लागतो.

अशा क्रियेचा वेग ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट होतो. म्हणजे डिसेंबरातल्या २० अंशांवर जे चालतं, ते एप्रिलच्या ४० अंशांवर चौपट वेगाने चालतं. पण विकर हे प्रथिन आहे. ठरावीक मर्यादेपुढे तापवलं की त्याची घडी मोडते, आणि उकडलेलं अंडं जसं पुन्हा पातळ होत नाही तसं तेही परत कामाला लागत नाही. ही मर्यादा कुठे येते? यीस्टमधल्या इन्व्हर्टेजवर सर्वांत जास्त अभ्यास झालाय. ते ५५ ते ६० अंशांच्या आसपास सर्वांत जोरात चालतं आणि त्यापुढे झपाट्याने निकामी होतं. त्यामुळे शाळेतलं खोटं नाही, पण फडातलं ऊन तिथवर पोचतच नाही. ४० अंश म्हणजे विकराला मारणारी नव्हे, पळवणारी उष्णता. (‘इष्टतम तापमान’ हा आकडा पाठ करून फार उपयोग नाही. पाच मिनिटं टिकणारं विकर त्याच तापमानाला रात्रभर टिकेलच असं नाही.)

‘पण ऊस तर तसाच गोड लागतो’ असं तुम्ही लिहिलंय. लागणारच! फ्रुक्टोज सुक्रोजपेक्षा गोड असतं. हातातल्या ब्रिक्स मीटरवरही विसंबू नका. तो रसात विरघळलेलं सगळंच मोजतो, साखर फुटलेली आहे की अखंड हे त्याला कळत नाही. उलट ऊस वाळल्यामुळे ब्रिक्स वाढलेलाच दिसतो आणि शेतकऱ्याला वाटतं, ऊस सुधारला. खरी गोष्ट पोलॅरीमीटरमध्ये, म्हणजे रसातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणात, दिसते. सुक्रोज ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतं, तर फुटून झालेलं मिश्रण डावीकडे. शिळ्या उसाच्या रसात ब्रिक्स चढलेला आणि त्या मानाने पोल (पोलॅरीमीटरने मोजलेली साखर) उतरलेला, म्हणजे शुद्धता घसरलेली, असं हमखास सापडतं. मायकेलिस आणि मेंटेन या शास्त्रज्ञांनी १९१३ साली विकरांच्या वेगाचं प्रसिद्ध समीकरण मांडलं, तेही याच इन्व्हर्टेजवर आणि प्रकाशाच्या याच वळण्यावरून मोजमाप करून.

फुटलेल्या साखरेचे दाणे पडत नाहीत आणि ती सुक्रोजलाही मळीत ओढून नेते. उतारा घसरतो तो इथे. गुऱ्हाळवाल्यांना हे वेगळ्या रूपात भेटतं: शिळ्या उसाचा गूळ मऊ, चिकट होतो आणि पावसाळ्यात पाझरतो.

रस तापवला की प्रश्न मिटला असंही नाही. कारखान्यात रस साधारण ७० अंशांपर्यंत नेतात, पुढे उकळीच्याही वर. विकरं तिथे संपतात. पण उसाचा रस मुळातच आंबट, सामू (पीएच) पाच-साडेपाचच्या घरात, आणि गरम आम्लात सुक्रोज विकराशिवायही फुटतं. या क्रियेत मोडणारं प्रथिनच नसल्याने तापमान वाढेल तसा तिचा वेग वाढतच जातो. म्हणून चुना घालून सामू सातच्या आसपास आणतात. चुना फक्त मळ काढायला असतो असा समज आहे, तो अर्धवट आहे.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच: टोळी आणि वाहन दोन्ही नक्की झाल्याशिवाय तोड सुरू करू नका आणि ऊस २४ तासांत कारखान्याच्या गव्हाणीत (ऊस गाळपाला टाकतात तिथे) पडेल असं पाहा. थांबावंच लागलं तर मोळ्या सावलीत रचा, पाचटाने झाका, वर पाणी शिंपडा. जळिताचा ऊस असेल तर त्याला आधी पाठवा, कारण आगीत पेशी फुटतात, जंतूंना आत वाट मिळते आणि तो साध्या उसाच्याही आधी बिघडतो.