हे कुठे लिहिलंय?

पोरी,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी जेवत होतो म्हणून धड बोललो नाही, आणि मग रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं, म्हणून आज लिहायलाच बसलोय. रविवारच्या हेरिटेज वॉकला शनिवारवाड्यात तू नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा किस्सा रंगवून सांगत होतीस, सगळे चिडीचूप, आणि 'ध चा मा' वर आलीस तेव्हा एका आजींनी विचारलं, "हे कुठे लिहिलंय गं?" आणि तुला काही सुचेना. मग मला म्हणतेस, काका, लोकांना किस्से हवे असतात, कागद कुणाला नको असतात, तर मी किस्से सांगायचे सोडून देऊ का अशा प्रश्नांकडे दुर्लक्ष करू?

दोन्ही नको. पुढच्या वेळी त्या आजी आल्या तर आधी त्यांना नमस्कार कर.

आता नीट ऐक. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस, थकलेल्या पगाराचं निमित्त करून गारदी, म्हणजे पगारी शिपाई, वाड्यात घुसले, अठरा वर्षांचा पेशवा मारला गेला, पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून थेट पेशव्याच्या काकांना, राघोबादादांना दोषी धरलं. एवढं सांग, ठणकावून सांग. पण राघोबादादांच्या बायकोने, आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलेली ती चिठ्ठी? मी तीस वर्षं भेटेल त्या जाणकाराला विचारतोय, ती कुठल्या दप्तरात आहे, कागदांच्या कुठल्या रुमालात, म्हणजे फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यात आहे, आणि मला आजवर कुणी दाखवलेली नाही. मग आपण ती 'होती' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? एका बाईच्या माथी अडीचशे वर्षं खून मारलाय आपण, त्या एका अक्षरावर. आणि मीही मारलाय. शाळेत शिकवायला लागल्यावर पहिली अकरा वर्षं मी हा किस्सा फळ्यावर 'ध' काढून, तो पुसून, 'मा' लिहून सांगायचो. पोरं खूश व्हायची. त्यातली कितीतरी आता आईबाप झाली असतील आणि आपल्या पोरांना तेच सांगत असतील, त्यांच्यापर्यंत मी आता कसा पोचू?

तुला एक काम देतो. मोडीत, त्या काळच्या मराठी कागदांच्या लिपीत, 'धरावे' लिही. आधी आडवी रेघ पूर्ण ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. आता त्याचं 'मारावे' करून बघ. नुसतं अक्षर बदलून भागत नाही, काना पण घालावा लागतो, त्याला जागा उरते का ते बघ. उत्तर मी सांगणार नाही. स्वतःच्या हाताने करून बघितलंस की पुढच्या वॉकला ते सगळ्यांना कागदावर करून दाखव, लोक किस्स्यापेक्षा जास्त मन लावून बघतील, माझा शब्द आहे.

लोकांना कागद नको असतात हे तू म्हणालीस ना, ते मला अजिबात पटलेलं नाही. कागदात किस्से कमी असतात असं कुणी सांगितलं तुला? शिवजयंतीचंच घे. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांच्या हाती आली, त्यांनी ती १९१६ साली छापली. त्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरीस 'उपजले' असं आहे. काय शब्द आहे बघ, उपजले! शेतातलं पीक उपजावं तसं. तोवर सगळे १६२७ धरून चालले होते. महाराजांच्याच काळातल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या काव्यात पण हीच तिथी आहे, म्हणजे दोन वेगळे कागद एकच गोष्ट सांगतायत. तरी सरकारने १९ फेब्रुवारी १६३० मान्य करायला २००१ साल उजाडलं. टिळकांसारख्या माणसाने छापलेला कागद, तरी पंच्याऐंशी वर्षं गेली! आणि तू एका रविवारात हताश झालीस.

अजून पुढे ऐक. ही १९ फेब्रुवारी जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस १ मार्च येतो. राज्याभिषेक ६ जून १६७४, तोही तसाच, आजच्या हिशोबाने १६ जून. रायगडावर त्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन नावाचा इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हजर होता, इंग्रज तेव्हा जुनंच कॅलेंडर वापरायचे. आणि त्या काळी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे महाराज जन्मले त्या दिवशी कुणी इंग्रज कारकून वहीत तारीख टाकत असता तर त्याने साल १६२९ लिहिलं असतं. एका तारखेत एवढं सगळं दडलंय! हे सांगितल्यावर कोण जांभई देतो ते मला बघायचंय. फक्त विचारायची सवय लाव, हे कुठे लिहिलंय, कुणी लिहिलंय, कुठल्या कॅलेंडरने लिहिलंय.

तू म्हणशील काका, तुम्हाला बोलायला काय जातं, माझ्यासमोर माणसं असतात. माझ्यासमोरही होती. २०२४ ला लंडनच्या म्युझियममधली वाघनखं साताऱ्यात आली, त्या वर्षी एका मंडळाने गणपतीत मला व्याख्यानाला बोलावलं होतं. मी सांगितलं की ही तीच वाघनखं आहेत याची खात्री करता आलेली नाही असं त्या म्युझियमनेच म्हटलंय. पेटीवर मजकूर आहे की साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या प्रधानाने दिली आणि महाराजांनी यांनीच 'मोगल' सेनापतीला मारलं. आता अफजलखान आदिलशहाचा सरदार, मोगल कसला? म्हणजे तो मजकूर लिहिणाऱ्याला खान कुणाचा हेही माहीत नव्हतं. एवढं बोललो आणि माईक बंद झाला. पुन्हा बोलावणं नाही आलं. बायको म्हणते, दर्शनाला आलेल्या लोकांसमोर कशाला, नंतर सांगायचं होतं निवांत. पण मी चुकलो नव्हतो गं. महाराजांवर माझं प्रेम कमी आहे म्हणून बोललो का मी? प्रेम आहे म्हणूनच खोटा आधार नको वाटतो, प्रतापगडाचा पराक्रम एका पेटीवर थोडाच उभा आहे. आणि नंतर म्हणजे कधी?

हे 'नंतर' मला सहन होत नाही, त्याला कारण आहे. माझ्या आजोळी माळ्यावर दोन रुमाल होते, लाल फडक्यात बांधलेले मोडी कागद. सव्वीस वर्षांचा असताना मी एक सोडून बघितला होता. वरचा कागद कडेने वाळवीने खाल्लेला, शाई मात्र काळीभोर, आणि मला त्यात फक्त डोक्यावरचं 'श्री' वाचता आलं. मामा म्हणाला, आंब्याच्या झाडांचा हिशोब असेल कसला तरी. मी गाठ मारून ठेवून दिला, म्हटलं मोडी शिकलो की नंतर बघू. दोन वर्षांनी घर पाडलं, रद्दीवाला आला, मी तिथे नव्हतो. वि. का. राजवाडे गावोगाव, घरोघर हिंडून असले कागद गोळा करायचे, बावीस खंड काढले त्यांनी, आणि मला माझ्या आजोळच्या माळ्यावरून दोन रुमाल खाली उतरवता आले नाहीत. त्यात खरंच आंब्याचा हिशोब असेल. असू दे ना. कुठला आंबा, कुणाच्या नावावर, किती फळं, हे वाचायला आज मी काय वाटेल ते देईन.

मोडी कठीण आहे म्हणून टाळू नकोस. ऱ्हस्व दीर्घाची भानगड त्यात फारशी नसते, तुला तर बरंच. पुण्यात पेशवे दफ्तरात हजारो रुमाल पडलेत आणि ते वाचणारी माणसं मोजकी आहेत.

रविवारचा वॉक चुकवू नकोस. 'ध चा मा' सांगायचं असेल तर सांग, पण 'लोक असं सांगतात' हे आधी म्हण, मनात नाही, मोठ्याने. वॉक संपला की थेट घरी ये. जेवायला पुरणपोळी आहे, बोरू आणि शाई माझ्याकडे आहे, तू फक्त एक कोरी वही आण, आडव्या रेघा नसलेली.

काका