नदीकाठच्या गावात पुराचा भोंगा कुठं बसवावा, उंच इमारतीवर की नदीजवळ?

दोन्हीकडं नको. पाणी आधी ज्यांच्या दारात येतं, ती माणसं झोपतात तिथं बसवा.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. भोंग्यावरून ग्रामसभेत चांगलीच जुंपली होती. मी म्हणत होतो, मळ्यातल्या वस्तीच्या वरच्या टेकाडावर पाण्याची टाकी आहे, तिच्यावर लावा. माझा चुलतभाऊ तेव्हा सदस्य. तो म्हणाला, पंचायतीच्या गच्चीवर लावू, तिथं लाइट आहे, शिपाई आहे. बटण दाबणाऱ्याची सोय बघितली, ऐकणाऱ्याची नाही. भोंगा गच्चीवर चढला, तोंड एसटी स्टँडकडं.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्याकडं ते समोरून आलंच नाही. नदी फुगली की ओढा उलटा भरतो. वस्तीची मागची वाट आधी बुडते आणि पुढं बघावं तर नदी अजून पात्रातच. रात्री भोंगा वाजला म्हणे. वस्तीवर सगळी पत्र्याची घरं, वर पाऊस ताशा बडवतोय, कुणाला काय ऐकू येणार? म्हैस रेकायला लागली म्हणून चुलते उठले. खाटेवरून पाय खाली टाकला तर घोटाभर पाणी, त्यात शेणाची पाटी तरंगतेय. दावी विळ्यानं कापली. माणसं-जनावरं निघाली, वैरण गेली. परत भोंगा द्यायचा म्हटलं तर लाइट बंद केलेली, आणि बॅटरी घेतलीच नव्हती.

हिशेब अवघड नाही. ३० मीटरवर १२० डेसिबल आवाज असेल आणि घरं-झाडं मध्ये असताना दर दुप्पट अंतराला १० डेसिबल कमी धरले, तर किलोमीटरभरावर ७० उरतात. पत्र्यावरच्या पावसात ते बुडून जातात. म्हणून एका मोठ्यापेक्षा दोन-तीन लहान बरे. चाचणी भर पावसात घ्या, दारं लावून आत बसा. चढउतार होणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी म्हणजे धोका टळला, हे पोरांनासुद्धा पाठ पाहिजे.

हां, तुमचं गाव धरणाच्या लगेच खाली असेल तर माझं सगळं लागू नाही. दरवाजे उघडले की तिथं हातात वेळच नसतो. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका आणि मासे धरणारे यांच्यासाठी नदीजवळही एक हवाच.

भाऊ अजून म्हणतो, चूक वायरमनची. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हाही भोंगा गच्चीवरच होता. भावाची गाडी मात्र आदल्या दिवशीच टाकीखाली येऊन उभी होती.