मशीन घेऊन रानात जाताना टार्गेट काय ठेवायचं?

प्रश्न: दिवाळीला आत्तेभाऊ आला होता, त्यानं त्याचं जुनं मेटल डिटेक्टर मशीन मलाच देऊन टाकलं. आमच्याच रानात दर रविवारी फिरवतो. महिन्याला दहा नाणी असं टार्गेट ठेवलंय, पण मिळतंय काय तर खिळे, गुटख्याच्या पुड्या आणि बैलाची नाल. आई म्हणते त्यापेक्षा भांगलण तरी कर. मशीनमध्येच काय घोळ आहे का?
— एक वाचक, खानापूर तालुका (बेळगाव)

उत्तर: मशीन बिचारं ठीक असणार, टार्गेटच बदला. नाणं मातीत आहे की नाही हे तुमच्या हातात कुठंय, कुणाच्या तरी आज्याच्या कनवटीचा पैसा त्या बांधावर पडला होता का यावर ते कधीच ठरून गेलंय. तुम्ही कितीही फिरलात तरी नसलेलं नाणं उगवणार नाही. म्हणून टार्गेट ठेवायचं ते आपल्याला जमणाऱ्या गोष्टीचं.

माझं मत विचाराल तर सगळ्यात चांगलं टार्गेट म्हणजे अंदाज. सिग्नल आला की लगेच खुरपं घालायचं नाही, आधी वहीत लिहायचं, मशीनच्या पडद्यावर आकडा किती, आवाज दोन्ही बाजूंनी सारखा येतोय का एकाच बाजूनं तुटतोय, आणि आत काय असेल असं वाटतंय. मग खणा. खिळा म्हणालात आणि खिळाच निघाला तर तो दिवस कामी आला समजा. दहातले तीन बरोबर येत असतील तर पुढं पाच यायला पाहिजेत, एवढंच टार्गेट. नाणी आपोआप येतील, नाही आली तरी कान तयार होतो.

आता तुमच्या भागाचं खास दुखणं सांगतो. खानापूरकडची तांबडी माती, खाली जांभा, सगळं लोहानं भरलेलं, त्यामुळं मशीन नुसत्या मातीवरच कुरकुरतं आणि माणसाला वाटतं खाली कायतरी आहे. म्हणून पहिले काही रविवार फक्त ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला मातीचा आवाज सोडून द्यायला लावणं, नीट जमवायचं हेच काम. जिथं काही नाही अशी जागा बघून कॉइल, म्हणजे मशीनची खालची तबकडी, जमिनीलगत ते गुडघ्यापर्यंत खालीवर करायचं, गुणगुण बंद होईपर्यंत. तरी कुरकुर राहिली तर सेन्सिटिव्हिटी कमी करा, खोली थोडी जाईल पण खोटे सिग्नल तरी थांबतील. साध्या मशीनला नाण्याएवढी वस्तू सहा-आठ इंचावर ऐकू आली तरी पुष्कळ, यूट्यूबवर तीन फुटांवरून हंडा काढतात ते सोडून द्या.

आणि एक, बरेच जण खिळ्यांना वैतागून मशीनच्या सेटिंगमध्ये लोखंड पूर्ण बंद करून टाकतात, म्हणजे लोखंडाला मशीन वाजतच नाही. 1992 पासूनचा स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो बघा, मशीन त्याला बऱ्याचदा लोखंडच समजतं. म्हणजे लोखंड बंद करून नाणी शोधायला निघालात तर अलीकडची बरीच नाणी तुम्हीच गाळून टाकलीत. जुना 1943 ते 47 चा भोकाचा पैसा मात्र ब्राँझचा, तो चांगला बोलतो.

दुसरं टार्गेट जागेचं ठेवा. अख्खं रान फिरू नका, पूर्वीच्या खळ्याची जागा, विहिरीचा काठ, न्याहारीला बसायचं ते झाड, नाहीतर जुनी गाडीवाट, यातला एकच तुकडा घ्या, दोरी लावा, आधी उभा मग आडवा फिरा, दर फेरीत अर्धं कॉइल आधीच्या फेरीवर यायला पाहिजे. भात निघाल्यावर ओल असते तेव्हा करा, उन्हाळ्यात माती दगड होते. खड्डा बुजवायचा आणि निघालेला कचरा घरी आणायचा हे टार्गेट नाही, ती अटच आहे. आईला सांगा रानातले खिळे कमी झाले, ट्रॅक्टरचं टायर वाचलं, बघा ती काय म्हणते.

प्रश्न: मित्र म्हणतात हलशीच्या जुन्या देवळांकडं नाहीतर राजहंसगडाखाली रात्री मशीन फिरवूया, जुनं कायतरी नक्की मिळेल. जायचं का?
— नाव नको, बेळगाव

उत्तर: नाही. देऊळ, गड, किल्ला, वस्तीचं जुनं पांढरीचं रान, कॅम्पातली लष्कराची जागा, कुठंच नाही, रात्री तर नाहीच. गुप्तधनाच्या नादानं देवळांचे उंबरे उखडणाऱ्यांची आपल्याकडं काय कमी आहे का. आपल्या बेळगावच्या वडगाव-माधवपूरला सातवाहनांच्या काळातलं अख्खं शहर होतं हे कळलं ते उत्खननात थरावर थर नीट मोजले म्हणून. तिथलं एखादं नाणं कुणी आधीच उपटून खिशात घातलं असतं तर ते कुठल्या थरातलं हे कायमचं गेलं असतं.

कायद्याचंही ऐका. कर्नाटकात 1962 चा ट्रेझर ट्रोव्ह, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा आहे, पलीकडं महाराष्ट्रात चंदगडला गेलात तर 1878 चा. स्वतःच्या रानात सापडलं म्हणून आपलं होत नाही, पुरलेला ठेवा मिळाला तर इकडं डीसी (डेप्युटी कमिशनर) ऑफिसला आणि तिकडं कलेक्टरला लेखी कळवायचं. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. तेव्हा असं काही दिसलं तर पुढं खणू नका, धुवू-घासू नका, फोटो काढा, जागा नोंदवा आणि कळवा. दुसऱ्याच्या रानात जायचं असेल तर मालकाला आधी विचारा, काय निघालं तर काय करायचं तेही तेव्हाच ठरवा, नंतर भांडणं होतात.

प्रश्न: ऊस तुटल्यावर पाचट गोळा करताना बायकोची सोन्याची कुडी पडली. ओळखीच्या एकाकडं मशीन आहे. सापडेल का?
— निपाणी

उत्तर: सापडू शकते, पण घाई करा आणि आजपासून त्या रानात रोटावेटर घालू देऊ नका, पाचटही पेटवू नका. त्या दिवशी कुठून कुठपर्यंत काम झालं ते वहिनींनाच विचारून चार काठ्या रोवा.

मशीनवाल्याला एक नक्की सांगा, छोट्या सोन्याचा आकडा कमी येतो, जवळपास गुटख्याच्या चांदीच्या कागदाएवढाच. तो कागद नको म्हणून त्यानं खालचे आकडे बंद केले तर कुडीवरूनच कॉइल जाईल आणि मशीन गप्प. म्हणजे प्रत्येक बारीक सिग्नल बघायलाच लागणार, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. पाचट आधी हातानं बाजूला ओढा, म्हणजे कॉइल जमिनीला टेकेल एवढं खाली आणता येईल, आणि अगदी सावकाश फिरवा. त्या ढिगाऱ्यावरूनही एकदा मशीन फिरवा, कुडी पाचटातच अडकलेली असू शकते.

सिग्नल आला आणि डोळ्यांना काही दिसेना तर तिथली माती मूठ मूठ उचलून आडव्या ठेवलेल्या कॉइलवरून न्यायची, ज्या मुठीला आवाज येईल ती घमेल्यात. हे करताना हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायला सांगा, नाहीतर प्रत्येक मुठीला मशीन वाजत राहील.