परग्रहांवर बुद्धिमान जीव असतील, तर अजून कुणाची हाक का आली नाही?

असतील, असं मला मनापासून वाटतं. पण तुम्ही पुढे म्हणता की 'इतकी वर्षं ऐकतोय, काहीच आलं नाही, म्हणजे कुणी नाहीच', ते मात्र पटत नाही.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. मी तिथे गेलो तेव्हा एका तबकडीखाली बराच वेळ मान वर करून उभा होतो. ती भरीव नाहीच! बारीक पोलादी तारांची जाळी, आणि तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. रेडिओ लहरींना मात्र ती आरशासारखी. १९ ऑक्टोबर २०१६ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा अगदी क्षीण संदेश याच दुर्बिणीने टिपला. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर.

आता हिशेब करून बघा. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा, ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे त्या दिवशीच्या मंगळापेक्षा सव्वादोन लाख पट लांब. अंतर दुप्पट झालं की संदेश एक चतुर्थांश उरतो. त्या हिशेबाने तेच यान प्रॉक्सिमाजवळून बोललं असतं, तर त्याचा आवाज पाच हजार कोटी पटींनी बारीक झाला असता. खोडदला कुणाला पत्ताही लागला नसता. आणि हा झाला अगदी शेजारचा तारा. आपली आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षं पसरलेली आहे.

मला अंतरापेक्षाही वेळेची अडचण मोठी वाटते. पृथ्वीवर जीव किमान ३५० कोटी वर्षांपासून आहेत, त्यातला बहुतेक काळ नुसते एकपेशीय. म्हणून साधे जीव पुष्कळ ठिकाणी असतील आणि बुद्धिमान फार थोड्या, असं माझं मत आहे. १९६०मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या वेधशाळेत दोन ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण वळवली, तेव्हा कुठे हा शोध सुरू झाला. दहा हजार वर्षांपूर्वी कुणी हाक मारली असती तर? माणूस होता, बुद्धीही हीच होती, ॲन्टेना तेवढा नव्हता. त्यांच्या लेखी पृथ्वी रिकामीच ठरली असती.

जमलं तर २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला जाऊन या. विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. मोबाइल तेवढा बंद ठेवा, त्या तबकड्यांना तो फार मोठ्याने ऐकू येतो.