जेंटूत (पॅकेजेस सोर्स कोडपासून आपल्याच मशीनवर बिल्ड करणारं लिनक्स) सुरुवातीच्या तपासण्या पास होऊनही बिल्ड मध्येच का फसतो?

कारण त्या तपासण्या इन्स्टॉल सुरू होण्याआधीची मशीनची स्थिती पाहतात; इन्स्टॉल करायच्या यादीतलं, समजा, चाळिसावं पॅकेज प्रत्यक्ष बिल्ड होईल तेव्हाची नाही. पोर्टेजमध्ये, म्हणजे जेंटूच्या पॅकेज मॅनेजरमध्ये, हे काम 'पीकेजी-प्रिटेंड' हा टप्पा करतो (ईएपीआय ४ पासून आलेला; ईएपीआय म्हणजे पॅकेजच्या बिल्ड-स्क्रिप्टच्या नियमांची आवृत्ती). तो यादीतल्या सगळ्या पॅकेजेससाठी आधीच चालतो, पण त्या वेळी पॅकेजच्या डिपेंडन्सीज (त्याला लागणारी इतर पॅकेजेस) इन्स्टॉल झालेल्या असतीलच याची हमी पॅकेज मॅनेजरच्या स्पेसिफिकेशनमध्ये नाही. शिवाय त्याला फाइल सिस्टीमवर काही लिहायची मुभा नाही. त्यामुळे नव्या कंपायलरने कोड कंपाइल होईल का, हे तो करून बघू शकत नाही. कंपायलर अजून आलेलाच नसतो!

डिस्कचंही तसंच. दहा जीबी मोकळे दिसले म्हणून तपासणी पास होते, मग आधीची पॅकेजेस किंवा समांतर चालणारे बिल्ड तीच जागा खातात. म्हणून बरेच ईबिल्ड (पॅकेजच्या बिल्ड-स्क्रिप्ट) हीच तपासणी 'पीकेजी-सेटअप'मध्ये, म्हणजे त्या पॅकेजची पाळी आल्यावर, पुन्हा करतात. फाइल कोलिजन, म्हणजे दोन पॅकेजेसनी एकच फाइल टाकणं, तर आधी कळणं शक्यच नाही, कारण कोणत्या फाइल्स तयार होतील हे बिल्ड झाल्यावरच ठरतं.

मात्र यूज फ्लॅगची (पॅकेजमधल्या ऐच्छिक सोयी चालू-बंद करणाऱ्या सेटिंग्जची) चुकीची जोडी आणि पॅकेजेसमधले जाहीर ब्लॉकर (अमुक पॅकेजसोबत हे चालणार नाही अशा नोंदी) यांना हे लागू नाही. ते डिपेंडन्सी सोडवतानाच पकडले जातात आणि तिथला निकाल बऱ्यापैकी भरवशाचा असतो.