पहिली गोष्ट छोटी निवड

कथेसाठी व्हिडिओ गेम खेळायचे असतील, तर ६० तासांच्या गेमने सुरुवात करू नकोस. २०१७ चा ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ घे, दोन-तीन तासांत संपतो. त्यातला लुईस मासळीच्या कारखान्यात कामाला असतो. हातातल्या कंट्रोलरच्या एका स्टिकने (अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांडीने) तू मासे कापतोस, दुसरीने त्याच्या कल्पनेतल्या राज्यात फिरतोस. हळूहळू ते राज्य सगळा पडदा व्यापतं, हात मात्र सवयीने मासे कापतच राहतो. लुईसचं मन कुठे गुंतलंय, ते निवेदनाआधी तुझ्या बोटांना कळतं. मला तो प्रसंग अजून सोडत नाही.

त्यानंतर २०१३ चा ‘ब्रदर्स’: दोन स्टिक, दोन भाऊ. त्याचा शेवट मात्र आधी कुठेही वाचू नकोस, प्लीज!