प्रीमियर पद्मिनी गाडीचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) काढून कॉइल पॅक (प्लगना जोडीजोडीने ठिणगी देणारी कॉइल) बसवलाय. स्टार्ट होते, पण रेस दिली की मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळतं. वायरिंगमध्ये काय बघू?

आधी क्रँक सेन्सरची (इंजिनचा क्रँक कुठे फिरलाय ते सांगणाऱ्या सेन्सरची) वायर बघा. ती शील्डवालीच (वरून धातूचं आवरण असलेली) हवी, आणि शील्डला अर्थ एकाच टोकाला, इसीयूच्या (इग्निशन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) बाजूला. मी शहाणपणा करून ती प्लग वायरींबरोबर टायने बांधली होती. सोलापुरात होटगी रोडवर जरा रेस दिली की गाडी शिंकायची! वायर वितभर लांब नेली, शिंका बंद. सेन्सरच्या दोन वायरी उलट लागल्या तरी टायमिंग बिघडतं.

मग इंजिन चालू ठेवून कॉइलच्या पॉझिटिव्हला मीटर लावा. बॅटरीपेक्षा व्होल्टेज बरंच कमी दिसलं, तर फ्यूज आणि रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) टाकून थेट बॅटरीवरून सप्लाय द्या. जुनी इग्निशनची वायर फक्त रिले चालू करायला ठेवा.

प्लगच्या जोड्या सिलिंडर नंबरप्रमाणे 1-4 आणि 2-3. जोडीतल्या जोडीत अदलाबदल झाली तरी चालतं, दोन्हीकडे ठिणगी एकदमच पडते.